लेव्हिटाउन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या न्यूयॉर्क राज्यातील एक उपनगरी वसाहत. लोकसंख्या सु. ५२,००० (२०२०). ती लाँग आयलंड बेटावरील नॅसॉ काउंटीत, न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागापासून पूर्वेस सु. ४५ किमी. अंतरावर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ ते १९५१ या काळात, ‘लेव्हिट अँड सन्स’ या बांधकाम संस्थेने बटाट्याच्या शेतजमिनींवर येथे एकूण १७,४४७ घरे बांधली. एकाच संस्थेने कारखानी उत्पादनाच्या धर्तीवर एवढ्या मोठ्या प्रमाणात उभारलेली ही वसाहत युद्धोत्तर उपनगराचा नमुना मानली जाते. साध्या वेतनावर जगणाऱ्या कुटुंबाला स्वतःच्या मालकीचे घर कसे मिळू शकले, ते कोणास नाकारले गेले आणि त्या भेदाचे परिणाम पुढील पिढ्यांवर कसे झाले, हे येथील इतिहासावरून स्पष्ट होते.

पार्श्वभूमी : १९२९ नंतरची आर्थिक मंदी आणि त्यापाठोपाठ आलेले महायुद्ध यांमुळे अमेरिकेतील घरबांधणी सु. १५ वर्षे मंदावली होती. १९४४ साली देशात केवळ १,१४,००० स्वतंत्र घरांचे बांधकाम सुरू झाले. युद्ध संपताच लक्षावधी सैनिक परतले. विवाहांचे व जन्मांचे प्रमाण झपाट्याने वाढले. अनेक तरुण जोडप्यांना आईवडिलांच्या घरात किंवा लष्कराच्या पत्र्याच्या निवाऱ्यांत दिवस काढावे लागत होते. याच सुमारास लाँग आयलंडवरील बटाट्याचे पीक संकटात सापडले होते. १९४१ मध्ये हिक्सव्हिल येथे बटाट्याच्या मुळांवर जगणाऱ्या सोनेरी सूत्रकृमीचा प्रादुर्भाव आढळला आणि आसपासचे शेतकरी जमिनी विकण्यास तयार झाले. ‘आयलंड ट्रीज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भागातील शेते लेव्हिट यांनी विकत घेतली.

एब्राहम लेव्हिट यांनी १९२९ मध्ये ही संस्था स्थापन केली होती. त्यांचे पुत्र विल्यम (१९०७–९४) हे तिचा व्यवहार व जाहिरात, तर आल्फ्रेड हे घरांचे आराखडे पाहत. युद्धकाळात संस्थेने नौदलाच्या कामगारांसाठी घरे बांधली होती. थोड्या वेळात बरीच घरे उभारण्याचा अनुभव तिला त्या कामातून मिळाला. मे १९४७ मध्ये माजी सैनिकांसाठी भाड्याची २,००० घरे बांधण्याची योजना जाहीर झाली आणि १ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिली कुटुंबे राहावयास आली.

बांधकामपद्धती : मोटार-कारखान्यात वाहन सरकते व कामगार जागेवर राहतो, येथे याउलट घर जागेवर राही व कामगारांची पथके एका भूखंडावरून दुसऱ्या भूखंडावर सरकत. घराचे बांधकाम अनेक टप्प्यांत विभागलेले होते आणि प्रत्येक पथक एकच काम करी. लाकूड आधीच मापात कापून प्रत्येक भूखंडावर ठेवले जाई. संस्थेने कॅलिफोर्नियात स्वतःचे लाकूडकटाईचे काम सुरू केले, खिळे स्वतः तयार केले आणि कामगार संघटनांबाहेरील मजूर कामाच्या मोजमापावर वेतन देऊन नेमले. १९४८ मध्ये काम भरात असताना दिवसाला ३० पर्यंत घरे पूर्ण होत असत.

खर्चात सर्वांत मोठी बचत तळघर वगळल्याने झाली. हेम्पस्टेड येथील बांधकाम नियमांनुसार तळघर आवश्यक होते. माजी सैनिकांच्या आग्रहामुळे १९४७ मध्ये हा नियम शिथिल करण्यात आला. घरे थेट काँक्रीटच्या पायाफरशीवर उभारण्यात आली आणि त्या फरशीतच तांब्याच्या नळ्या पुरून त्यांतून गरम पाणी खेळविण्याची उष्णतायोजना करण्यात आली. ‘केप कॉड’ या नावाने ओळखले जाणारे पहिले घर सु. ७० चौ. मी. चे होते. त्यात बैठकीची खोली, स्वयंपाकघर, दोन शयनगृहे, स्नानगृह आणि पुढेमागे वापरात आणता येईल असा मोकळा पोटमाळा यांचा समावेश होता. भूखंड सर्वसाधारणतः १८ मी. रुंद व ३० मी. लांब असे, म्हणजे घराने भूखंडाचा सु. आठवा भाग व्यापलेला असे. शेगडी, शीतकपाट व कपडे धुण्याचे यंत्र घरासोबतच मिळे. १९४९ पासून ‘रँच’ हा नवा प्रकार विक्रीस आला. त्यात स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूस आणि बैठकीची खोली मोठ्या खिडकीसह परसाच्या बाजूस होती. १९५० च्या घरांत दूरचित्रवाणी संचही भिंतीत बसवून दिला जाई.

वित्तव्यवस्था : स्वस्त बांधकामाने घराची किंमत उतरली, परंतु ते सामान्य माणसाच्या आवाक्यात आले ते मुख्यत्वे शासनाने हमी दिलेल्या दीर्घ मुदतीच्या कर्जामुळे. १९३० पूर्वी अमेरिकेत घरासाठी मिळणारे कर्ज बहुधा ३ ते ५ वर्षांचे असे. किमतीचा निम्म्याच्या आसपास भाग रोख भरावा लागे आणि मुदतीअखेर मुद्दल एकदम फेडावे लागे. मंदीत हे कर्ज नव्याने मिळेनासे झाले व असंख्य घरे लिलावात गेली. १९३४ च्या राष्ट्रीय गृहनिर्माण कायद्यान्वये संघीय गृहनिर्माण प्रशासन स्थापन झाले. हे प्रशासन स्वतः कर्ज देत नसे. खासगी बँकांनी दिलेल्या कर्जाचा ते विमा उतरवी. धोका शासनाने पत्करल्यामुळे बँका २० ते ३० वर्षांच्या मुदतीची व समान मासिक हप्त्यांत फिटणारी कर्जे देऊ लागल्या. १९४४ च्या माजी सैनिक पुनर्वसन कायद्याने (जी. आय. बिल) याच्या पुढचे पाऊल उचलले. सैनिकाच्या कर्जाच्या ठराविक भागाची हमी शासनाने घेतली. परिणामी अनेकांना काहीही रोख न भरता घर घेता आले.

मुदतीचे महत्त्व एका हिशेबावरून लक्षात येते. ४ टक्के व्याजाने घेतलेले ८,००० डॉलरांचे कर्ज १५ वर्षांत फेडावयाचे झाल्यास मासिक हप्ता सु. ५९ डॉलर येतो; तेच ३० वर्षांत फेडावयाचे झाल्यास तो सु. ३८ डॉलर येतो. १९४९ मध्ये लेव्हिटाउनमधील रँच घराची किंमत ७,९९० डॉलर होती. माजी सैनिकास ते कर व विमा धरून दरमहा सु. ५८ डॉलरांत मिळे, तर १९४७ मधील घराचे भाडे दरमहा ६० डॉलर होते. भाड्यापेक्षा मालकी स्वस्त, अशी ही अपूर्व परिस्थिती होती. देशभरात याच व्यवस्थेने घरबांधणीला गती दिली. १९५० मध्ये सु. १६,९२,००० स्वतंत्र घरांचे बांधकाम सुरू झाले आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण १९४० मधील ४३·६ टक्क्यांवरून १९६० मध्ये ६१·९ टक्क्यांवर गेले. [⟶ गृहनिर्माण].

वसाहतीचे जीवन : रस्ते मुद्दाम वळणदार ठेवलेले असल्यामुळे बाहेरची वाहने वस्तीतून भरधाव जात नसत. ठिकठिकाणी दुकाने, क्रीडांगणे व पोहण्याचे तलाव असलेली केंद्रे होती. बागकामाची आवड असलेल्या एब्राहम लेव्हिट यांनी प्रत्येक भूखंडावर फळझाडे व शोभेची झुडपे लावून घेतली. शांतता व टापटीप राखण्यासाठी करारात नियम घातलेले होते. कुंपण घालण्यास मनाई होती; हिरवळ दर आठवड्यास कापणे आवश्यक होते; धुतलेले कपडे केवळ विशिष्ट प्रकारच्या फिरत्या चौकटीवर वाळवावयाचे व तेही शनिवार-रविवार वगळून, असा निर्बंध होता.

वसाहतीत रेल्वे स्थानक नव्हते. हिक्सव्हिल, वाँटा इ. शेजारच्या गावांत जाऊन गाडी पकडावी लागे. बेथपेज येथील ग्रमन व फार्मिंगडेल येथील रिपब्लिक या विमान-कारखान्यांत अनेकांना रोजगार मिळाला, तरी बरेच पुरुष दररोज न्यूयॉर्क शहरात जात. दिवसा वस्तीत प्रामुख्याने स्त्रिया व लहान मुले असत. बहुतेक घरी एकच मोटार असल्यामुळे ती पती घेऊन गेल्यावर स्त्रियांचा वावर पायी जाता येईल तेवढ्या परिसरापुरता सीमित होई. वृद्ध आप्तेष्ट शहरात राहिल्याने मुलांच्या संगोपनात शेजारणींचाच आधार असे. समवयस्क व समपरिस्थितीतील कुटुंबे एकाच वेळी आल्याने ओळखी लवकर झाल्या.

समाजचिंतकांनी अशा वसाहतींवर कठोर टीका केली. ल्यूइस ममफर्ड यांनी द सिटी इन हिस्टरी (१९६१) या ग्रंथात एकसारखी घरे, एकसारखे वय व एकसारखे उत्पन्न यांमुळे साचेबंद झालेल्या उपनगरी जीवनाचे चित्र रेखाटले. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स यांनी मात्र न्यू जर्सी राज्यातील तिसऱ्या लेव्हिटाउनमध्ये स्वतः घर घेऊन सु. दोन वर्षे वास्तव्य केले आणि द लेव्हिटाउनर्स (१९६७) या ग्रंथात वेगळा निष्कर्ष मांडला. बहुसंख्य रहिवासी येथे समाधानी होते, त्यांचे स्वभाव व आवडी घरांप्रमाणे एकसाची झाल्या नव्हत्या आणि घराच्या मालकीने त्यांना आत्मविश्वास दिला होता, असे त्यांना आढळले. किशोरवयीन मुलांना करण्यासारखे फारसे नसणे, ही उणीव त्यांनी नोंदविली.

घरे एकसारखी राहिली नाहीत, हेही उल्लेखनीय आहे. मालकांनी पोटमाळ्यांत खोल्या काढल्या, छपरे उंचावली, बाजूस वाहनघरे बांधली. या फेरबदलांच्या कल्पना देणारे थाउजंड लेन्स नावाचे स्थानिक नियतकालिकही १९५० नंतरच्या दशकात निघत असे. मूळ स्वरूपातील घर आज क्वचितच आढळते. वाढत्या कुटुंबास घर बदलण्याऐवजी तेच वाढविता आले, हा या आराखड्याचा मोठा गुण ठरला.

वर्णभेद : या वसाहतीचे दार सर्वांना खुले नव्हते. आरंभीच्या भाडेकरारातील २५ व्या कलमान्वये श्वेतवर्णीयांखेरीज अन्य कोणासही, घरकामाचे नोकर वगळता, घर वापरू देण्यास मनाई होती. हे केवळ एका संस्थेचे धोरण नव्हते. संघीय गृहनिर्माण प्रशासनाच्या १९३८ च्या मूल्यांकन-नियमावलीत अशा वर्णनिर्बंधांची शिफारस होती. मिश्र वस्तीत घरांच्या किमती घसरतात, असे त्यामागील गृहीतक होते. १९४८ मध्ये ‘शेली विरुद्ध क्रेमर’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे निर्बंध न्यायालयांमार्फत अंमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय दिला. त्यानंतर करारातील कलम वगळले गेले. परंतु विक्रीचे धोरण पूर्ववतच राहिले. १९५० च्या सुमारास कृष्णवर्णीय मुलांना आपल्या घरी खेळावयास बोलावणाऱ्या कुटुंबांचे भाडेकरार नव्याने करून देण्याचे संस्थेने नाकारले. आपण कृष्णवर्णीयांना घरे विकल्यास बहुसंख्य श्वेतवर्णीय ग्राहक घेण्यास येणार नाहीत, असा विल्यम लेव्हिट यांचा युक्तिवाद होता.

या धोरणाचा उघड संघर्ष पेनसिल्व्हेनिया राज्यातील दुसऱ्या लेव्हिटाउनमध्ये झाला. तेथे ऑगस्ट १९५७ मध्ये विल्यम व डेझी मायर्स या कृष्णवर्णीय दांपत्याने पहिल्या मालकाकडून घर विकत घेतले. घरासमोर अनेक दिवस जमाव जमून दगडफेक झाली. राज्य पोलिसांना पाचारण करावे लागले व अखेर न्यायालयाने त्रास देणाऱ्यांविरुद्ध मनाईहुकूम काढला. त्याच वेळी काही शेजाऱ्यांनी या कुटुंबाची सोबत केली व घराचे संरक्षण करण्यास मदत केली. न्यू जर्सीमधील वसाहतीत १९६० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर घरे सर्वांना खुली झाली. १९६८ च्या संघीय कायद्याने घरांच्या विक्रीत व भाड्यात वंशभेद करणे देशभर बेकायदेशीर ठरविले.

शासन व कर : लेव्हिटाउनला स्वतःची नगरपालिका वा महापौर नाही. स्थानिक कारभार हेम्पस्टेड टाउन व नॅसॉ काउंटी यांच्याकडे आहे, तर शाळा स्वतंत्र शालेय मंडळांकडे आहेत. शाळांचा खर्च बऱ्याच अंशी स्थावर मालमत्तेवरील करातून भागतो व मंडळाचा वार्षिक अर्थसंकल्प रहिवाशांच्या मतदानाने संमत होतो. वसाहतीत घरे व मुले पुष्कळ, पण कर देणारे मोठे उद्योग थोडे. यामुळे शाळांचा भार घरमालकांवर पडला. हे वैषम्य राज्यघटनेशी विसंगत असल्याचा दावा लेव्हिटाउनच्या शालेय मंडळाने इतर मंडळांसह १९७४ मध्ये न्यायालयात मांडला. खालच्या न्यायालयात त्यांना यश मिळाले. परंतु १९८२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, मंडळांच्या खर्चात तफावत असली तरी राज्यघटना समान खर्चाची हमी देत नाही, असा निर्णय दिला. श्वेतवर्णीयांच्या या वसाहतीलाही आपल्या मालमत्तेच्या मूल्याची मर्यादा अशा रीतीने जाणवली.

घरखरेदीची सद्यःस्थिती : या वसाहतीत घर घेणाऱ्यास दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पहिली बांधकामाविषयीची. पायाफरशीतील जुन्या तांब्याच्या नळ्या गळू लागल्यास फरशी फोडल्याशिवाय त्या दुरुस्त करता येत नाहीत; म्हणून अनेक घरांत भिंतीलगतची नवी उष्णतायोजना बसविलेली आढळते. जुन्या फरशांत व बाह्य आवरणांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. १९७८ पूर्वीच्या घरांच्या रंगात शिसे असल्याची माहिती विक्रेत्यास असेल, तर ती खरेदीदारास देणे १९९२ च्या संघीय कायद्याने आवश्यक केले आहे. दुसरी गोष्ट कागदपत्रांविषयीची. पाऊणशे वर्षांत झालेल्या वाढीव बांधकामांपैकी प्रत्येकास परवानगी व भोगवटा प्रमाणपत्र आहे की नाही, हे पाहावे लागते. नसल्यास कर्ज अडते किंवा दंडासह बांधकाम नियमित करून घ्यावे लागते. व्यवहार सामान्यतः उभय पक्षांच्या वकिलांमार्फत होतो. करारावर सही करताना बहुधा किमतीच्या १० टक्के रक्कम अनामत ठेवली जाते. मालकीहक्काचा शोध घेऊन त्याचा विमा उतरविला जातो. मासिक हप्त्याइतकाच मालमत्ता कराचा विचार करणे आवश्यक असते, कारण कर्ज फिटल्यावरही कर चालूच राहतो.

किमतींतील बदल मोठा आहे. १९४९ मधील ७,९९० डॉलरांचे मूल्य सर्वसाधारण महागाई धरता २०२३ मध्ये सु. १ लाख डॉलर होते. प्रत्यक्षात त्या सुमारास येथील घरे ५ लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकली जात होती. जागेची टंचाई, शहराचे सान्निध्य, शाळा आणि वाढविलेली घरे ही याची कारणे होत. या वाढीचा लाभ मूळ मालकांना व त्यांच्या वारसांना मिळाला. मुलांचे उच्च शिक्षण, वार्धक्यातील खर्च व पुढील पिढीच्या घराची पहिली रक्कम यांसाठी अनेक कुटुंबांनी घरावरच भिस्त ठेवली. ज्या कृष्णवर्णीय सैनिकाने तेच युद्ध लढले, पण ज्यास १९४९ मध्ये येथे घर नाकारले गेले, त्याने त्या काळात शहरात भाडे भरले. त्याच्या वारसांना तशी मत्ता मिळाली नाही. १९६८ च्या कायद्याने पुढचा भेद निषिद्ध केला, परंतु तोवर किमती वाढू लागल्या होत्या आणि शासकीय हमीची आरंभीची संधी निघून गेली होती. श्वेतवर्णीय व कृष्णवर्णीय कुटुंबांच्या संपत्तीतील अंतर त्यांच्या उत्पन्नातील अंतरापेक्षा बरेच मोठे असण्याचे हे एक प्रमुख कारण अभ्यासक मानतात.

लोकसंख्या १९६० मध्ये सु. ६५,००० होती, मुले मोठी होऊन बाहेर पडल्यावर ती घटली. २०१० च्या जनगणनेत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सु. १ टक्काच होते. आशियाई व लॅटिन अमेरिकी वंशाच्या रहिवाशांची संख्या मात्र वाढत गेली. लगतचे हिक्सव्हिल हे लाँग आयलंडवरील भारतीय वस्तीचे व व्यापाराचे महत्त्वाचे केंद्र बनले आहे. घरविक्री मध्यस्थांच्या वर्तनाची न्यूजडे या स्थानिक वृत्तपत्राने केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. समान आर्थिक स्थितीच्या, परंतु भिन्न वंशांच्या व्यक्ती ग्राहक म्हणून पाठविल्या असता कृष्णवर्णीयांना सु. निम्म्या प्रसंगी वेगळी वागणूक मिळाल्याचे तीत आढळले.

लेव्हिट यांची संस्था १९६८ मध्ये एका मोठ्या उद्योगसमूहास विकण्यात आली. तिची पद्धती तत्पूर्वीच देशभरातील बांधकाम व्यावसायिकांनी उचलली होती. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना मोठ्या संख्येने स्वतंत्र घरे मिळवून देता येतात आणि त्यासाठी स्वस्त बांधकामाइतकीच दीर्घ मुदतीच्या कर्जास शासनाची हमी आवश्यक असते, हे या वसाहतीने दाखविले. अशी हमी वाटताना केलेला भेद कायद्याने रद्द झाल्यावरही मालमत्तेच्या रूपाने टिकून राहतो, हेही तिच्या इतिहासावरून दिसून येते. [⟶ उपनगर, नगररचना].